कब्जा

आमच्या बँकेत व्याज हा शब्द
कुणी मोठ्याने उच्चारत नाही,
रोग्याच्या खोलीत रोगाचं नाव घेत नाहीत तसा.
नफा म्हणायचं. तो आधी सांगायचा नाही,
वर्ष सरलं की वाटायचा.
मनामात अकरा वर्षं मी हा वाटा जुळवतो.

रोज सकाळी दहाला आम्ही धातू घेतो,
दहा वाजून चार मिनिटांनी विकतो.
तेवढ्यात कुणाचं घर होतं, कुणाची गाडी.
धातू हलत नाही. कुणी पाहिलेला नाही.
बाजारात तुरी.

मग दारं उघडली.
परदेशी बँकांनी आपापल्या काचेच्या इमारतीत
एकेक खिडकी आमच्या पद्धतीची काढली
आणि आमची गिऱ्हाइकं दर विचारायला शिकली.
तिमाहीगणिक आमचा पट्टा
एक भोक आत.

त्याच उन्हाळ्यात मध्यवर्ती बँकेचं परिपत्रक, चौतीस पानी:
कब्जा सिद्ध करा.
माल तुमचा होता हे दाखवा,
निदान चार मिनिटं.

कब्जा.
हा तर आमच्या तलाठ्याच्या दप्तरातला,
हिशेब, बाकी, वसूल यांच्याच गलबतातून उतरलेला.
हुदा म्हणाली, तुमच्याकडेही हाच शब्द?
म्हटलं, हाच. त्यावरून माझे दोन काका
वीस वर्षं बोलत नाहीत.

ऑगस्टात हिद्दच्या गोदामात गेलो.
शेख याकूब, छत्री धरलेला त्यांचा विद्यार्थी, मी.
गोदामावर इब्राहिम हमदुले, बाणकोटचा.
माझा हेल ऐकून म्हणाला,
"सायेब, घेतात रोज. बघायला तुमीच पयले."

शेखांनी लगडीवर तळवा टेकला,
चटका बसला तरी उचलला नाही.
यादीत चारशे बारा.
जमिनीवर चारशे नऊ.
पुन्हा मोजल्या. चारशे नऊ.

तीन लगडींनी बँक बुडत नाही.
पण त्या तीन आम्ही
किती सकाळी विकल्या, कोण जाणे.
त्यांवरची कमाई शेखांनी दानखात्यात काढायला लावली,
संचालकांनी कपाळाला हात लावला,
आणि वाटा आणखी उतरला.

उम्म जासिम दरवर्षीसारखी आली. यंदा किती?
आकडा सांगितला. लगडींचंही सांगितलं.
ती बराच वेळ पावतीकडे बघत राहिली.
"मग मागच्या साली मी खाल्लं,
ते कुणाचं होतं?"

परिपत्रक माझ्यासमोरच होतं.

पलीकडच्या खिडकीत पाव टक्का जास्त मिळतो,
हे तिला माहीत होतं; जाहिरातीचा कागद
तिच्या पिशवीतून डोकावत होता.
तिने पावतीची घडी केली,
त्याच कागदात गुंडाळली,
आणि पैसे राहू दे म्हणाली.