परसाकडं

वडगावात गल्लीभर माग धडधडतात,
त्यातला आपला मध्येच थांबतो,
मला ऐकू येतं.
परसाकडं गेलात. सकाळपासून चौथ्यांदा.

गणपती पोचवून आलो तेव्हापासूनचं हे.
कधी पातळ, कधी दोन दोन दिवस काहीच नाही,
ताटावरून उठलात की आमटी गार.
"मिरची बाधली," म्हणालात.
मग "मूळव्याध असंल, आबालाबी होती."
सुरण झाला, इसबगोल झाला.
पट्ट्याला खिळ्यानं नवं भोक पाडलंत,
ते मात्र बोलला नाहीत.

दवाखान्यात केसपेपर कानडीत.
हिरेमठ डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एष्टु दिना?"
तुम्ही आठ बोटं दाखवलीत.
"मूरु तिंगळु," मी म्हटलं. तीन महिने.
"आणि रक्त."
रक्ताला दोन्हीकडं एकच शब्द.

बाईंनी पेन खाली ठेवलं.
"पंधरा दिवसातच यायचं होतं की हो.
मूळव्याध असेल, नसेलही.
दुर्बिणीनं आत बघूया."

रिक्षात तुम्ही तोंड फिरवून बसलात,
"चारचौघांत सांगितलंस."
सांगितलं.
एक धागा तुटला तर
अख्खा माग बंद करून बघता की तुम्ही.

सोमवारी उपाशीपोटी बोलवलंय.
रविवारी जेवण नाही, नुसतं पाणी न् औषध.
शेजारच्या भरमाला सांगून ठेवलंय,
माग तो बघेल.