वेलांटी

सीबीएसच्या मागे, सेतू कार्यालयाच्या वळणावर
माझं झेरॉक्सचं दुकान. सात फूट बाय नऊ.
एक पान दोन रुपये, पाठपोट तीन.
सल्ला फुकट, म्हणून सहसा कोणी घेत नाही.

जूनमध्ये आली ती, सुरगाण्याच्या पहिल्या गाडीनं,
पिशवीत सगळे दाखले, वरून रबरबँड.
सोबत बाप,
साहेबांपुढे जायचं म्हणून पायात कोरी चप्पल.

कागद काचेवर ठेवता ठेवता वाचायची मला खोड.
शाळेच्या दाखल्यावर योगिता गांगोडे, पहिली वेलांटी.
दहावीच्या गुणपत्रिकेवर दुसरी.
बापाच्या जातीपुढे कोकणा, चुलत्याच्या कोकणी.
म्हटलं, पोरी, गणितात एक्क्याण्णव आहेत तुला,
पण वाटेत वेलांटी आडवी पडलीय.

"एवढीशी?" बाप म्हणाला.
एवढीशीच असते, दादा.
पोर्टलला डोळे नसतात, नुसती चाळण असते.
तो स्टुलावर बसला, चप्पल काढून ठेवली.
"आम्ही तर हिला योगू म्हणतो.
ती वेलांटी कोणाची, बाई?"

मग प्रतिज्ञापत्र. नोटरी जेवायला गेलेले.
मुख्याध्यापकांचा शिक्का हवा, मुख्याध्यापक रजेवर.
तिचं तिकीट अर्धं, बापाचं पूर्ण,
म्हणून तिसऱ्या खेपेला ती एकटीच आली.

त्या दिवशी गर्दी नव्हती. तिला सांगितलं:
मूळ प्रत कोणाच्या हाती सोडायची नाही,
देवाच्यासुद्धा.
मोबाइल नंबर स्वतःचा दे, मामाचा नको,
मामा सिम बदलतात.
आणि पसंतीक्रम म्हणजे नवस नव्हे.
आधी हवं ते लिही, मग मिळेल ते.
तिनं बराच वेळ पेन उचललंच नाही.
हवं ते लिहायची सवय नव्हती.

दुसऱ्या यादीत नाव लागलं,
गंगापूर रोडचं इंजिनिअरिंग.
बापानं पेढ्यांऐवजी नागलीचे पापड आणून दिले.
मला वाटलं, झालं.

ऑक्टोबरात ती परत आली, रिकाम्या हातांनी.
कशाच्या प्रती? कशाच्याच नाही.
म्हणाली, सर "एनी डाउट?" विचारतात
आणि दोन सेकंद थांबतात.
माझी शंका आधी घरच्या बोलीत येते,
मग मराठीत, मग इंग्रजीत जायला निघते,
तोवर फळा पुसलेला असतो.

याचा फॉर्म माझ्याकडे नव्हता.
मी कॉलेजात गेले ती फक्त मशीनची शाई पोचवायला.
तरी तिला स्टुलावर बसवलं
आणि गिऱ्हाइकांमधून मान वर काढून विचारत राहिले,
एनी डाउट?
ती हात वर करायची. हात फळीला लागायचा.
सातबाराच्या प्रती काढायला आलेले आजोबा
आम्हा दोघींकडे बघत पैसे मोजायचे.
मला विषयातलं ओ की ठो कळत नव्हतं,
म्हणून माझ्यासमोर तिचं चुकायचंही काही नव्हतं.
बिजागरीजवळ ढकललं की दार का हलत नाही,
हे तिनं मला दुकानाच्याच दारावर समजावलं.
तिच्या इंग्रजीत, मग माझ्या मराठीत.
दाराची बिजागरी त्या आठवड्यात ढिली झाली.

पहिल्या सत्रात दोन विषय राहिले.
हे मुद्दाम लिहून ठेवते,
नाहीतर गोष्ट फार गुळगुळीत होईल.
एक तिनं उन्हाळ्यात काढला,
दुसऱ्याशी अजून मारामारी चालू आहे.

काल तिच्या पाड्यावरून तीन पोरं आली,
तीन पिशव्या, तीन रबरबँड,
आणि वहीच्या पानावर तिच्या अक्षरात यादी:
मूळ प्रत सोडू नये.
नंबर स्वतःचा द्यावा.
झेरॉक्सवाल्या बाई कागद वाचतात, वाचू द्यावेत.
सर थांबतील तेवढ्यात हात वर करावा,
शंका नंतर सुचली तरी चालेल.

मी आधी वेलांट्या तपासल्या. सवयच आहे.
खाली सही होती, योगू.
तिच्यात वेलांटीच नाही.