शिल्लक

दहा सप्टेंबर ते सोळा.
स्टेशनच्या दारात आम्ही चौघं, पोपटी जाकिटं,
पाठीवर छापलेलं : एकटे राहू नका.
माझं जाकीट दोन मापं मोठं.
गेल्या वर्षी ते ओनोदेराबाईंच्या अंगात होतं.
त्यांची बदली झाली, की रजा, नीट कुणी सांगत नाही.

खोक्यांत दोन हजार पाकिटं,
प्रत्येकात आठ कागदी रुमाल,
प्लास्टिकखाली एक फोन नंबर
आणि हसणारा ढग.
रडका काढला असता तर वरून मंजूर झाला नसता,
म्हणाले हाताकेयामासाहेब.

जागृती सप्ताह.
ज्यांचा रात्र रात्र डोळ्याला डोळा लागत नाही
त्यांना आणखी किती जागं करायचं,
हे मी बैठकीत विचारलं नाही.

सात-दहाची गाडी.
शाळकरी मुली दोन-दोन घेतात, ओठांचा रंग टिपायला.
फुकीआजी चार पावलं जाऊन मागे फिरतात :
"माझं काही नाही गं, एखाद्या गरजूला दे."
म्हणतात, पण पाकीट हातातून सोडत नाहीत.

आणि नारिता योशिझो.
यांना गाडीने कुठे जायचंच नसतं.
पांढरा छोटा ट्रक कडेला लावतात, उतरतात,
एक पाकीट घेतात.
"आज कितवा?"
"तिसरा."
"बरं."
ट्रक वळवून डोंगराकडे.
रोज. रविवारीसुद्धा, पावसातसुद्धा,
जणू हजेरीपटावर त्यांचंही नाव आहे.

बुधवारी रात्री मी तो नंबर लावला.
तपासणीसाठी, असं वहीत लिहिलं.
बाईचा आवाज, आधीच भरून ठेवलेला, फार मऊ :
सध्या सर्व लाइनी व्यस्त आहेत.
अकरा मिनिटं मी स्वयंपाकघरात उभी,
दिवा न लावता.
तपासणीला इतका वेळ लागतो का,
असा रकाना वहीत नाही.

सोळाला संध्याकाळी झेंडे उतरवले,
बांबू मोजले, जाकिटांच्या घड्या घातल्या.
वाटप : एक हजार सहाशे अठ्ठ्याऐंशी.
शिल्लक : तीनशे बारा.
परिणाम : इथे जागा नखाएवढी,
साहेबांनी तीत 'समाधानकारक' बसवलं,
शेवटचं अक्षर चौकटीबाहेर गेलं.

सतराला भाताची खाचरं होती तशीच पिवळी.
माझ्या टेबलावरून स्टेशन दिसत नाही.
सात-दहा झाले, की मी उगाच मान उंचावायची.
आता त्यांना "कितवा?" विचारल्यावर
दारातल्या खांबाने काय सांगावं?

शुक्रवारी उरलेलं खोकं गाडीत टाकलं.
पत्ता शोधणं नियमात बसत नव्हतं. शोधला.

ते अळकुड्या खणत होते, कोपरापर्यंत चिखल.
मला पाहून उठले नाहीत.
"सप्ताह संपला ना?"
"संपला."
"मग?"
'मग'चं उत्तर कुठल्याच परिपत्रकात नव्हतं.
म्हटलं, पाकिटं उरलीत.

"आमच्याकडेही उरतं," ते म्हणाले.
"दोघांपुरतं लावायची सवय जात नाही."

एवढंच. मग बराच वेळ कुदळ.
मी बूट काढले, शेजारी बसले,
मुळ्या तोडून कंद वेगळे करत गेले.
मोठ्याला चिकटलेले लहान, लहानाला आणखी लहान.
कामापुरतंच बोललो :
हा सडका, तो ठेव, टोपली इकडे सरकव.

उन्हं कलल्यावर ते ट्रककडे गेले.
समोरच्या काचेखाली सात पाकिटं, ओळीने,
एकही न फोडलेलं, सात ढग हसणारे.
त्यांनी पहिलं फाडलं,
ढगाच्या बरोबर मधून,
आणि रुमाल माझ्यापुढे धरला.
"पूस. खाज सुटते हिची."

मी पुसले हात. उशीर झाला होता,
घरी पोचेपर्यंत बोटं खाजत राहिली.
पिशवीभर अळकुड्या ओट्यावर ओतल्या,
उकडायला ठेवल्या.
दिवा लावला होता.