सव्वीस आटे

फेब्रुवारी. कुरणावर दहिवर गोठलेलं.
सकाळी साडेसहाला, टॉर्च तोंडात धरून,
आम्ही लोकांच्या डब्यांत हात घालतो.
स्टॅफर्डच्या पलीकडे, गुडघे टेकून बसलेली म्हातारी माणसं
आणि समोर बिस्किटांचे गंजके डबे.

मला एकच बोल्ट हवाय.
मागच्या स्टँडचा, डावीकडचा.
जाडी इंचाचे पाच-सोळांश, डोक्याखाली आखूड मान,
शेपटाला स्प्लिट पिनेपुरतं भोक,
इंचात आटे सव्वीस.
चोवीसचे पोत्याने मिळतात.
आठ मिलिमीटरचे तर कोपऱ्यावरच्या दुकानात,
चकचकीत, पिशवीत दहा,
आणि बापाच्या एकावन्न सालच्या बीएसएत
नको असलेल्या पाहुण्यासारखे दारातच अडतात.

इनिड यार्डलीचं टेबल कुंपणाशी.
डार्लास्टनच्या बोल्ट-कारखान्यात एकतीस वर्षं,
आटे पाडायच्या मशीनवर.
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
गेज ती वापरत नाही.
अंगठ्याचं नख आट्यांवरून ओढते,
कान जरासा कलता करते,
"चोवीस. ठेव."
"हा बावीस. ठेव."
मी म्हटलं, हा बघ, जातोय की.
"दोन फेरे जाईल," ती म्हणाली,
"काही नवऱ्यांसारखा. तिसऱ्याला कळेल.
मग तू पान्यावर जोर काढशील
आणि सत्तर वर्षं टिकलेलं भोक
एका सकाळीत खाऊन टाकशील."

विकलं काहीच नाही. चहा दिला,
थर्मासच्या झाकणातून, फार गोड.
गाडी कुणाची?
हॉरेस टॉन्क्सची, मी म्हणालो.
"माल तपासायचा तो?
माझ्या पेट्या परत पाठवायचा."
आणि मग बराच वेळ
ती दुसऱ्याच गिऱ्हाइकाशी बोलत राहिली.

घरी पोचलो तेव्हा अंधारत होतं.
फाटक मी एरवी खांद्याने ढकलतो.
त्या दिवशी हात बिजागरीवर टेकला,
नख, सवय नसताना, खाली ओढलं गेलं.
हिरवा रंग, त्याखाली काळा, पुन्हा हिरवा,
माझ्या लग्नातला पांढरा,
आणि पांढऱ्याखाली आखूड मान.
शेपटाला भोक. भोकात वाकवलेली तार.

बापाने गाडी सोडली तेव्हा मी नऊ वर्षांचा.
का सोडली, घरात कुणी विचारलं नाही.
ऑड्री नुकती चालायला लागली होती
आणि रस्ता दारापासून चार पावलांवर.
गाडी तेव्हापासून भिंतीला टेकून.

तीन रात्री तेल पाजलं.
चौथ्या दिवशी पान्याखाली कर्र झालं, सुटला.
नख ओढून पाहिलं, कान कलता करून.
मला काही ऐकू आलं नाही.
गेज लावलं. सव्वीस.

स्टँडमध्ये तो बोटांनीच गेला,
शेवटच्या आट्यापर्यंत, पाना खिशातच राहिला.
भिंतीवर हँडलने पाडलेला खड्डा
आता पहिल्यांदा पूर्ण दिसतो.

फाटक सुंभाने बांधलंय.
ऑड्री रविवारी येते,
गाठ सोडताना दातओठ खाते, म्हणते,
अरे, कोपऱ्यावर आठ मिलिमीटरचे मिळतात,
फाटकाला काय, कसलेही चालतील.

मिळतात, मी म्हणतो.