तवसाळची फेरी

तिकीटघरामागे कठडा मोडलाय, तिथे बसतो आम्ही,
हमजा साखरकर आणि मी.
दुखणं एकच, डॉक्टर दोन.

मला बाहेरून दिले किरण.
कोल्हापुरात अठ्ठावीस वेळा, शनिवार-रविवार सोडून.
आधी तीन पेले पाणी प्यायचं
आणि दाबून धरायचं, मशीन फिरून थांबेपर्यंत.
चाळीस वर्षं या खाडीत लाँच हाकली,
भरती अशी ओटीपोटात चढताना
पहिल्यांदा कळली.

हमजाच्या आत बिया पेरल्या.
मुंबईत, एका सकाळी, ऐंशीच्या वर,
तांदळाच्या कणीएवढ्या.
मी म्हटलं, मेल्या, कलम लावायलाही
याहून जास्त वेळ लागतो.

तो म्हणतो, तुझं बरं, तुझ्यात काही राहिलं नाही.
मी म्हणतो, तुझं बरं, एका सकाळीत सुटलास.

रात्री तो सात वेळा उठतो.
आग, आणि धार गळाच्या दोरीएवढी,
तीही मध्येच तुटणारी.
मी तीनदाच उठतो.
पण मला मागून रक्त जातं, कोकमाच्या आगळासारखं.
पहिल्या दिवशी बायकोला म्हटलं,
काल सोलकढी जास्त झाली वाटतं.
ती काही बोलली नाही. तिने सोलकढी केलीच नव्हती.

दुपारी दोननंतर मी कुणाच्या कामाचा नाही.
नांगर उचलायला वाकतो
आणि कशाला वाकलो ते विसरतो.

तिसरी गोष्ट आम्ही पाण्याकडे बघत बोलतो.
"बंद?"
"सहा महिने झाले. तुझं?"
"घरघरतं कधीकधी. गिअर पडत नाही."
हसतो. डिझेलचा तवंग
जेट्टीखालून लांब जाईपर्यंत हसतो.

मग हमजा नातीचं सांगतो.
दोन महिने मांडीवर घेऊ नका, म्हणाले होते.
नायला दारातूनच खाऊ मागायची,
तो फळीवर ठेवून मागे सरकायचा.
एकसष्टाव्या दिवशी त्याने हात पसरून हाक मारली.
ती आली, फळीपर्यंत आली,
आणि तिथेच थांबली.

यावर माझ्याकडे कोल्हापूरचं काही नाही.

भोंगा होतो. पलीकडे जायचं असतं दोघांनाही,
पण संडासाची किल्ली एकच, तिकीटवाल्याच्या खिळ्याला.
"तू जा आधी."
"नाय, तू जा. तुला थांबवत नाही."
"तुला थांबवतं काय?"

फेरी निघते.
पुढची पाऊण तासाने आहे.