मागे बांधलेला शनी

घर विकून घेतलेलं मोटरहोम
बत्तीस फुटांचं, पाण्याची टाकी भरली की हत्ती.
हत्तीवर बसून औषधं आणायला जाता येत नाही,
हे आर्विडला पटलं
डेमिंग गावातल्या फार्मसीच्या खांबाला
उजवा आरसा अर्पण केल्यावर.

तेव्हापासून वही.
वजन अडीच हजार पौंडांच्या आत.
चारही चाकं जमिनीवर ठेवून ओढता यावी,
ट्रेलरला पैसे नाहीत.
ऑटोमॅटिक नको, नुसती ओढली तरी आतून जळते.
गिअर हातानं टाकायचे,
म्हणजे न्यूट्रल खराखुरा न्यूट्रल.
आणि साडेतीन हजार डॉलर, वर एक सेंट नाही.
आखूडशिंगी, बहुदुधी.
"अशी गाय असती," लोरीन म्हणाली,
"तर मालकानं विकायला काढली असती का?"

तीन आठवडे गेले.
लास क्रूसेसची होंडा, पोटाखाली गंजाची जाळी.
एक जीप, जिचा मालक
किंमत सांगताना टायरकडे बघत होता.
एक सुझुकी, कुत्र्याच्या वासाची,
आर्विडनं विचारलं, कुत्रा किमतीत धरलाय का.

मग ओफेलिया लुसेरोचं अंगण.
पिकानच्या झाडाखाली सॅटर्न,
हिरवी, दोन हजार एकची.
नाव शनीचं, नाकावर त्याचंच कडं,
बनवणारी कंपनी केव्हाच बुडालेली.
आमच्याकडे शनी मागे लागू नये म्हणून
लोक तेल वाहतात.
इथे दोन म्हातारी माणसं
त्याला आपणहून मागे बांधायला आलेली,
आणि काडी पुसून पुसून
तेलच बघत होती.

आकडा एकेचाळीस हजार मैल.
आर्विड खूश.
लोरीन खाली वाकली.
बंपरला दोन भोकं, रंगानं बुजवलेली.
बॉनेटभर खडीचे टवके.
एवढ्याशा मैलांत एवढी खडी?

ओफेलियानं काही लपवलं नाही.
"अलास्काला जाऊन आलीय. दोनदा.
एउसेबिओ फ्यूज काढून ठेवायचा,
ओढताना आकडा हलायचा नाही.
चाकं किती फिरली ते चाकांना ठाऊक.
मोटरहोम मार्चमध्ये गेलं. ही राहिली.
मला गिअर येत नाहीत.
रविवारी आत बसते थोडा वेळ,
किल्ली न फिरवता."

आर्विडनं वही चाळली.
असल्या मैलांसाठी रकाना नव्हता.

किल्ली लोरीननं मागितली.
आर्विडचा डावा गुडघा टायटॅनियमचा,
क्लच त्याला दाबवत नाही,
हे त्यानं वहीत कुठेच लिहिलं नव्हतं.
चौदाव्या वर्षी मिनेसोटात
बापाचा बीटने भरलेला ट्रक चालवायची ती.
नंतर चव्वेचाळीस वर्षं
शेजारची सीट आणि मांडीवर नकाशा.
पहिला गिअर खडखडला.
दुसरा नाही.
गल्लीच्या टोकाला जाऊन वळली,
अंगणासमोर आली,
आणि न थांबता
पुन्हा गेली.

एकतीसशेला ठरलं. ओफेलियानं शंभर परत केले,
टो-बारच्या पिना सापडेनात म्हणून.
मग त्या चमच्यांच्या खणात निघाल्या,
तरी शंभर घेतले नाहीत तिनं.

आता लॉर्ड्सबर्ग मागे पडलंय. वारा आडवा.
मागच्या कॅमेऱ्यात ती येतेय,
आत कुणी नाही.
रस्ता डावीकडे वळला की तिचं स्टिअरिंग
आपलं आपण डावीकडे फिरतं,
कुणी दोन बोटांनी फिरवावं इतकं सावकाश.

"फ्यूज काढलास ना?" आर्विड विचारतो.
लोरीन त्याला पेपरमिंटची गोळी देते.
फ्यूज जागेवर आहे.
मागे, रिकाम्या गाडीत,
मैल पडताहेत.