कापूस

शेडमध्ये आम्ही बोलत नाही.
बोटं बोलतात: कांडी संपली, धागा तुटला,
मुकादम आला.
एका पत्र्याखाली चोवीस माग.
तुझ्या बापाची हाक मी ओठांवरून वाचते.
त्याचा डावा कान केव्हाच गेला मागाला.

पाचव्या महिन्यात तू पहिल्यांदा हललास
तेव्हा वाटलं, धोटाच उडाला
आतल्या आत, इकडून तिकडे.

दवाखान्यातल्या बाई म्हणाल्या,
भूदेवी, आता त्याला ऐकू येतं.
मोठ्या आवाजातलं काम सोड.
मी विचारलं, किती मोठ्या?
जिथं शेजारणीशी ओरडून बोलावं लागतं, तेवढ्या.
मी गप्प. तिथं ओरडूनही भागत नाही.

सोडते म्हणाले. पगार शनिवारी होता,
मग पुढच्या शनिवारी.
कानांत कापूस कोंबून गेले.
माझ्या कानांत मावला,
तुझ्यासाठी कुठं घालायचा?
कड सुटलेला एक नापास टॉवेल
पोटाभोवती घट्ट गुंडाळला.
पण आवाज नुसता वरून येत नव्हता,
तो फरशीतून येत होता, टाचांतून, गुडघ्यांतून,
कंबरेच्या हाडातून,
आणि तिथंच तू डोकं टेकून.

सासू म्हणाली, आम्ही नाही काढली चार पोरं?
पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत बाळंतपण!
हे ती मोठ्यानं म्हणाली.
ती सगळंच मोठ्यानं म्हणते.

सातव्यात सोडलं. घरी विडीची पानं कातरली,
कात्रीचा काय तो आवाज.
तंबाखूही नको, म्हणाल्या बाई.

दोन किलो शंभर भरलास.
कानात इवलीशी नळी घालून
त्या यंत्राकडे बघत राहिल्या.
उजवा ठीक आहे. डावा महिन्यानं परत बघू,
कधी कधी आत पाणी असतं.

तेव्हापासून मी ताटावर चमचा आपटते,
तुझ्यामागे बांगड्या वाजवते.
कधी पापणी हलते,
कधी नाही.

काल रात्री साखर पेठेतली वीज गेली.
शेजारचे माग एकदम थांबले, सगळी गल्ली थांबली.
भिंतीवरचं कॅलेंडर हलायचं थांबलं.
तू दचकून उठलास, ओक्साबोक्शी रडलास.

मी अंधारात तुला उचललं.
शांतता ऐकलीस का रे?
की भिंत थरथरायची राहिली,
एवढंच कळलं?

डाव्या कानाशी तोंड नेऊन
हळूच म्हटलं, निद्रपो, नाना, निद्रपो.
आणि मग जरा जोरात.